इओसिनोफिल शून्य

कोकणातल्या माणसाच्या रक्तात इओसिनोफिल जरा जास्तच सापडतात. पुस्तकात पांढऱ्या पेशींतलं त्यांचं प्रमाण एक ते सहा टक्के दिलेलं असतं. आचरा, चिंदर, वायंगणी, तोंडवळी या भागातून माझ्याकडे येणाऱ्या रक्तात सात-आठ टक्के ही रोजची गोष्ट. अनवाणी पायांतून शिरणारे जंत, ओल्या भिंतींवरची बुरशी, जुनी सर्दी, दमा, खाज अशी त्याची कारणं. मायक्रोस्कोपखाली ही पेशी ओळखायला सगळ्यात सोपी: केंद्रकाच्या दोन पाकळ्या आणि भोवती टपोरे नारिंगी दाणे. शिकायला आलेल्या मुलींना मी पहिल्यांदा हीच पेशी शोधायला लावते, कारण ती सापडली की मुलींना धीर येतो. 2020च्या पावसाळ्यात काही माणसांच्या स्लाइडवरून ती साफ नाहीशी झालेली दिसायला लागली.

मी आचऱ्यात छोटी लॅब चालवते. डीएमएलटी मुंबईत केलं, तिथेच एका हॉस्पिटलात काही वर्षं काढली आणि लग्नानंतर गावात आले. पेशी मोजणारं एक यंत्र, एक चांगला मायक्रोस्कोप, आणि कपाटात ठेवलेला एक जुना, आरसा लावलेला मायक्रोस्कोप, एवढं माझं सामान. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम कणकवलीला असतात. शंका आली की आयपीसला मोबाइल लावून फोटो काढायचा आणि मॅडमना पाठवायचा.

पाऊस लागला की साथी रक्तातून बोलायला लागतात. डेंगीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरतात आणि मोठाले, निळसर लिम्फोसाइट दिसू लागतात. भातशेतीत चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाला लेप्टो झाला तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी चढतात, प्लेटलेट घसरतात. दोडामार्गकडे 2016पासून माकडताप येऊ लागला, त्यात पांढऱ्या पेशी अगदीच कमी होतात. निदान यावरून होत नाही, त्यासाठी वेगळ्या तपासण्या असतात. पण डॉक्टरला पहिला इशारा मिळतो, आणि गावात बसून तेवढा देता येतो. त्यामुळे कोरोनाचा नवा विषाणू आला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच होता, की याची खूण पेशींत दिसेल का?

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी यायला लागले. शाळांच्या वर्गांत त्यांना ठेवलं होतं. 22 ऑगस्टला गणेश चतुर्थी, तिच्या आधी पुन्हा गर्दी. सुरुवातीच्या दिवसांत स्वॅब जिल्ह्याबाहेर जायचे आणि अहवाल यायला वेळ लागायचा. जिल्ह्याच्या मुख्यालयात, ओरोसला, तपासणी सुरू झाली तेव्हा हे पुष्कळ सुटसुटीत झालं. मधल्या काळात डॉक्टरांच्या हातात ताप, ऑक्सिमीटर आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, एवढंच असायचं. सीबीसी माझ्याकडे.

इथे माझ्या यंत्राबद्दल सांगायला हवं. ते पांढऱ्या पेशींचे तीनच भाग पाडतं: लिम्फोसाइट, ग्रॅन्युलोसाइट आणि उरलेल्या सगळ्यांची एक मोळी, तिला 'मिड' म्हणतात. इओसिनोफिल वेगळे दाखवणं त्याच्या कुवतीत नाही. शिवाय लोक रिपोर्टात टक्के बघतात, आणि टक्के फसवतात. एकूण पेशी अकरा हजार आणि लिम्फोसाइट पंधरा टक्के, तर ते साडेसोळाशे होतात, म्हणजे पुरेसे. एकूण चार हजार आणि तेच पंधरा टक्के, तर फक्त सहाशे. मोठ्या माणसात एका घनमिलिमीटरला हजाराच्या खाली लिम्फोसाइट गेले की काळजी वाटायला हवी. म्हणून तापाच्या प्रत्येक पेशंटची मी स्लाइड करायची ठरवली, आणि टक्क्यांशेजारी पेशींची खरी संख्या लिहायची. मॅडम लगेच हो म्हणाल्या. काम दुप्पट झालं, पण त्याचा पस्तावा कधी वाटला नाही.

चीनमधून आलेले आकडे तोवर सगळीकडे पोचले होते. 1099 पेशंटांच्या पाहणीत 83 टक्के लोकांचे लिम्फोसाइट कमी निघाले होते. वुहानच्या 140 जणांच्या दुसऱ्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांचे इओसिनोफिल कमी होते. हे दुसरं वाचलं तेव्हा मी उठून जुन्या स्लाइडचा डबा काढला. तिथल्या डॉक्टरांना दोन टक्क्यांचं शून्य झालेलं दिसत होतं. आमच्याकडे आठ टक्क्यांचं शून्य होत होतं. जे मुळात भरपूर असतं ते नाहीसं झालं की नजरेत चटकन भरतं. टायफॉइडमध्येही इओसिनोफिल जातात, शरीरावर मोठा ताण आला तरी जातात, त्यामुळे शून्य म्हणजे कोविड असं म्हणता येत नव्हतं, आणि मी तसं कधी लिहिलं नाही. पण अंगात ताप, पांढऱ्या पेशी साधारण, लिम्फोसाइट हजाराखाली आणि इओसिनोफिल एकही नाही, असं एकत्र दिसलं की मी रिपोर्ट छापायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचे.

हिर्लेवाडीकडचे एक रापणकार आजोबा आले होते. स्वतः चालत आले, खुर्चीत बसून बोलत होते. "बाय, माका दम लागना नाय, ह्येंका उगाच भ्या वाटता," असं मुलाकडे बोट करून म्हणाले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 89. दम लागल्याची जाणीवच नाही आणि ऑक्सिजन उतरलेला, हे त्या आजाराचं सगळ्यात वाईट लक्षण होतं. त्यांच्या स्लाइडवर शंभर पेशी मोजताना लिम्फोसाइट नऊच भेटले. न्यूट्रोफिल मात्र दाटीनं होते, त्यातले काही कोवळे, केंद्रकाला अजून पाकळ्या न फुटलेले, आणि त्यांच्या पोटात गडद, भरड दाणे. अस्थिमज्जेवर मागणी वाढली की ती पुरतं वाढू न देताच पेशी बाहेर धाडते, त्याची ही खूण. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागलं की जो आकडा येतो तो निरोगी माणसात एक ते तीनच्या दरम्यान असतो. त्यांचा नऊच्या वर होता. मुलानं त्यांना त्याच दुपारी ओरोसच्या हॉस्पिटलात नेलं. ते परत आले.

लिम्फोसाइट जातात कुठे, हे मला त्या दिवसांत सगळ्यांनी विचारलं. घरच्यांनी, डॉक्टरांच्या कंपाउंडरनं, शाळेच्या मास्तरांनी. आचऱ्याच्या माणसाला हे समजावणं सोपं होतं. आमच्याकडे गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत राहतो. त्या दिवसांत कुणी परका माणूस आचऱ्यात आला तर त्याला वाटेल, गाव मेला. गाव मेलेला नसतो, वेशीबाहेर असतो. रक्तातल्या लिम्फोसाइटचं काही अंशी असंच. माझ्या नळीत येतं ते शिरेतलं रक्त. पेशी फुप्फुसात, जिथे विषाणू आहे तिथे गेल्या असतील तर शिरेत त्या दिसणार नाहीत.

पण एवढ्यावर थांबणं खोटं ठरलं असतं, आणि मी मास्तरांना ते सांगितलंही. गावपळणीतून सगळे परत येतात. इथे सगळ्या परतत नाहीत. गंभीर पेशंटात पुष्कळ लिम्फोसाइट खरोखरच मरतात. शरीरात सूज पेटवणारी रसायनं इतकी वाढतात, की त्यांच्या माऱ्यात या पेशी स्वतःला संपवतात. दगावलेल्या लोकांच्या प्लीहा आणि लसिकाग्रंथी तपासल्या, तेव्हा जिथे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी तयार व्हायच्या ती केंद्रंच उरलेली नव्हती. आणि शेन्झेनच्या संशोधकांनी फुप्फुसातलं पाणी काढून पाहिलं, तेव्हा मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट कळली: मध्यम आजारी माणसांच्या फुप्फुसात विषाणू ओळखणाऱ्या टी पेशी वाढून तिथे हजर होत्या. अत्यवस्थ माणसांच्या फुप्फुसात मात्र मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल यांचीच गर्दी. म्हणजे दोघांच्याही शिरेत लिम्फोसाइट कमी, पण एकाच्या पेशी जिथे पोचायच्या तिथे पोचल्या, दुसऱ्याच्या पोचल्या नाहीत. हा फरक माझ्या स्लाइडवर दिसणं शक्य नाही. मला दिसतं ते एवढंच, की दोन दिवसांनी आकडा कुठे चालला आहे.

म्हणून दुसरी तपासणी पहिलीपेक्षा मोलाची. हे लोकांच्या गळी उतरवणं सगळ्यात कठीण गेलं. "ताप गेलो मां, आता परत रगत कित्याक व्हया?" हा प्रश्न रोज यायचा. आजाराचा दुसरा आठवडा धोक्याचा असतो, ताप उतरल्यावरही फुप्फुस बिघडू शकतं, हे समजावून सांगायचं. पहिल्या दिवशी लिम्फोसाइट अकराशे आणि तिसऱ्या दिवशी सातशे असलेला माणूस मला पहिल्यापासून सातशेवर टिकून असलेल्या माणसापेक्षा जास्त भिववायचा. मी पैसे अर्धेच घ्यायचे दुसऱ्या वेळी; तरी काही जण यायचे नाहीत, आणि मग आरोग्य केंद्राच्या आशाताईंना निरोप द्यायचा, की अमक्याच्या घरी जाऊन बोटाला ऑक्सिमीटर लावून या. आशाताई जायच्या. भर पावसात जायच्या.

2021च्या एप्रिलमध्ये सगळंच वेगळं झालं. ज्याला मे अखेरीस डेल्टा हे नाव मिळालं तो प्रकार आला आणि घरंच्या घरं आजारी पडायला लागली. चाळिशीच्या आतली माणसं यायला लागली. आणि स्लाइड वाचणं अवघड झालं, त्याचं कारण विषाणू नव्हतं.

कारण होतं स्टिरॉइड. 16 जून 2020 रोजी इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल जाहीर झाला, तेव्हा मॅडमनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. डेक्सामेथासोन, रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या लोकांतले मृत्यू एक तृतीयांशानं घटले, नुसत्या ऑक्सिजनवरच्या लोकांतले एक पंचमांशानं. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही, उलट नुकसानीची शंका होती. त्या निकालाचा हा तिसरा भाग फार थोड्या लोकांपर्यंत पोचला. काही रुपयांत मिळणारी, गावातल्या दुकानातही असलेली गोळी. लोकांनी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ती घेतली. तापाच्या दुसऱ्या दिवशी घेतली. साखर असलेल्यांनी घेतली, आणि त्यांतल्या काहींना पुढे काळ्या बुरशीनं गाठलं.

ही गोळी नेमकी त्याच पेशींवर काम करते ज्या मी मोजत होते. तिनं लिम्फोसाइट रक्तातून बाहेर जातात. इओसिनोफिल काही तासांत नाहीसे होतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेले न्यूट्रोफिल सुटून वाहू लागतात, त्यामुळे त्यांचा आकडा चढतो. म्हणजे गोळी घेतलेला, तसा बरा असलेला माणूस आणि गोळी न घेतलेला, गंभीर होत चाललेला माणूस यांची सीबीसी सारखीच दिसायची. मी रक्त घ्यायच्या आधी गोळ्यांची पाकिटं मागायला लागले. नावं कुणाला आठवत नसत, म्हणून पिशवीच घेऊन या म्हणायचे. टेबलावर पाकिटं ओतायची, त्यातलं डेक्सा किंवा मिथाइलप्रेड शोधायचं, कधीपासून ते विचारायचं आणि रिपोर्टाच्या कोपऱ्यात लिहायचं. हे काम लॅबचं नाही असं मला कुणी कुणी म्हणालं. ते लिहिल्याशिवाय तो आकडा देणंच मला पटत नव्हतं.

त्याच काळात शहरांतून 'कोविड प्रोफाइल' नावाची महागडी पॅकेजं गावापर्यंत आली. आयएल-सिक्स, फेरिटिन, डी-डायमर, सगळं एकदम. अत्यवस्थ माणसाच्या डॉक्टरला त्यांतली काही लागतात, यात वाद नाही. पण घरी पडलेल्या, 97 सॅच्युरेशन असलेल्या पोरानं बोटीवरची मजुरी त्यात घालवावी, हे मला बघवत नव्हतं. एक बाई असंच पॅकेज करायचं म्हणून पैसे घेऊन आली होती. नवरा मालवणला भरती होता. "माझ्या घोवाक ऑक्सिजनचो बेड मेळलो, आता सगळा रगत तपासतंय," म्हणाली. तिला स्वतःला काही होत नव्हतं. मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, साधी सीबीसी केली, इओसिनोफिल पाच टक्के जागेवर होते, आणि बाकीचे पैसे परत घेऊन जा म्हणून सांगितलं.

मग 16 मे आला, रविवार. तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. माड मुळासकट आडवे झाले, विजेचे खांब रस्त्यावर पडले, मालवण आणि देवगड तालुक्यांत बरेच दिवस वीज नव्हती. यंत्र बंद. फ्रीज बंद. मोबाइलला रेंज नाही. आणि घराघरांत तापाची माणसं.

कपाटातला आरशाचा मायक्रोस्कोप तेव्हा बाहेर काढला. मुंबईत शिकताना आमच्या सरांनी हातानं पेशी मोजायला लावल्या होत्या आणि आम्ही सगळे कुरकुरलो होतो, कारण यंत्रं तेव्हाही होतीच. न्यूबॉअर चेंबर पुसून घेतलं, त्यावर कव्हरस्लिप बसवली. रक्त पिपेटमध्ये खुणेपर्यंत ओढायचं, त्यावर टर्कचा द्रव घ्यायचा. त्यातलं ॲसेटिक आम्ल तांबड्या पेशी फोडतं आणि जांभळा रंग पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांना लागतो. वीसपट पातळ झालेलं ते मिश्रण चेंबरमध्ये सोडायचं आणि थोडा वेळ पेशी खाली बसू द्यायच्या. पूर्वेच्या खिडकीकडे तोंड करून आरसा फिरवत उजेड आत घ्यायचा. चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन मोजायचे, आलेल्या आकड्याला पन्नासनं गुणायचं. रेषेवरची पेशी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून दोन बाजूंच्या रेषांवरच्याच धरायच्या.

चिंदरची एक शिक्षिका वादळाच्या आधी दोन दिवस येऊन गेली होती: एकूण 4800, लिम्फोसाइट सोळा टक्के, म्हणजे साडेसातशेच्या आसपास. गोळ्या फक्त पॅरासिटामॉलच्या. वादळानंतर तिच्या भावानं मोटरसायकलवरून, पडलेल्या झाडांखालून वाट काढत तिला आणलं. चार चौकोनांत 180 पेशी आल्या, म्हणजे 9000. स्लाइड रंगवली. लिशमन स्टेनला पाणी नीट लागतं. आमच्या जांभ्या दगडातलं पाणी आंबटसर, त्यानं सगळं लालभडक होतं, म्हणून बफरची एक बाटली राखून ठेवलेली होती ती वापरली. शंभरात लिम्फोसाइट सहा. 540. इओसिनोफिल नाही. मी स्लाइडच्या शेपटीपासून कडेपर्यंत पुन्हा फिरून पाहिलं, कारण मोठ्या पेशी कडेला जमतात, तरी नाही. सॅच्युरेशन तेव्हा 93 होतं. तेवढ्यावर कुणी तिला घरीच थांबवलं असतं, रस्तेही बंद होते. डॉक्टर म्हणाले, आताच निघा. ग्रामपंचायतीची पोरं कोयते घेऊन पुढे गेली आणि ती संध्याकाळपर्यंत ओरोसला पोचली. रात्री तिला ऑक्सिजन लावावा लागला.

तिची पुढची स्लाइड मी जूनमध्ये पाहिली. ती मी जपून ठेवली आहे. मोठे, काठ गडद निळे असलेले लिम्फोसाइट, काहींचं केंद्रक एका बाजूला सरकलेलं, प्रतिपिंडं बनवायला लागलेल्या पेशींसारखं. आणि बाविसाव्या का तेविसाव्या पेशीला तो इओसिनोफिल, नारिंगी दाण्यांनी भरलेला. स्टिरॉइड थांबवून आठवडा झाला होता, त्यामुळे तो गोळी सुटल्यानं परतला की आजार सुटल्यानं, हे सांगता येणार नाही. मला त्या वेळी ते सांगायचंही नव्हतं. मी मॅडमना फोटो पाठवला.

माझ्या आजेसासूबाई मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या, गोष्टी सांगायच्या, त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेल्या. 1918च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला, सप्टेंबरनंतर त्याची जीवघेणी लाट उठली आणि मुंबईतून गावोगाव तो माणसांबरोबर पोचला. कोकणातली किती घरं त्यात बसली. त्या वेळच्या डॉक्टरांकडेही मायक्रोस्कोप होता आणि त्यांनी नोंद केली होती, की या तापात पांढऱ्या पेशी कमी होतात. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तो 1933मध्ये. आजार कशानं होतो हे कळण्याच्या पंधरा वर्षं आधी त्याची खूण रक्तात कुणीतरी पाहिली होती, माझ्यासारख्याच साध्या काचेवर. हे वाचलं तेव्हा मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला.

स्लाइडला जे दिसत नाही तेही मोठं आहे. 2020मध्ये पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांच्या गटानं अत्यवस्थ झालेल्या 987 जणांचं रक्त तपासलं. त्यांतल्या 101 जणांच्या शरीरात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं होती, आणि त्या 101 मध्ये 95 पुरुष. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू शिरल्याची पहिली हाक. ती हाकच दाबली गेली तर पुढचं सगळं उशिरा आणि भलतीकडे होतं. एकाच घरातला भाऊ चार दिवसांत उठून बसला आणि दुसरा गेला, असं आमच्याकडे झालं. त्याचं एक उत्तर कदाचित तिथे असेल. गावातल्या लॅबमध्ये ती तपासणी होत नाही.

गावात काय होऊ शकतं, ते मात्र मी आता सोडत नाही. तापाच्या साथी येतच राहणार. दर पावसाळ्यात इन्फ्लुएंझाचे पेशंट असतातच, आणि म्हातारी माणसं त्यात अजूनही दगावतात. म्हणून मधुमेहासाठी, बाळंतपणासाठी, ऑपरेशनच्या आधी कुणी धडधाकट असताना रक्त द्यायला आलं, की मी सीबीसीची स्लाइड करते, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल यांची खरी संख्या लिहिते, आणि कागदावर 'ताप नाही' असा शेरा मारून तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगते. पुढे आजारी पडल्यावर आलेला आकडा कशाशी ताडून बघायचा, तर त्या माणसाच्या स्वतःच्या आकड्याशी. पुस्तकातली मर्यादा कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या रक्तावरून काढलेली असते. मॅडमनी आता रिपोर्टाच्या नमुन्यातच एक रकाना वाढवला आहे: 'आधीचा आकडा, तारीख'. गेल्या पावसात तापाची जी माणसं आली, त्यांतल्या बऱ्याच जणांचा तो रकाना भरलेला होता.